मजूर मिळत नाहीत, म्हणजे नेमके काय मिळत नाही?

निफाड, दिंडोरी किंवा चांदवड तालुक्यातल्या एखाद्या द्राक्ष बागाईतदाराच्या ओट्यावर ऑक्टोबर महिन्यात जाऊन बसले, की चहा हातात येण्याआधीच एक वाक्य कानावर पडते: “कामाला माणूस मिळत नाही.” एप्रिलमध्ये हेच वाक्य रत्नागिरी-देवगडच्या हापूसच्या बागांत ऐकू येते, संत्र्याच्या तोडीच्या दिवसांत वरुड-मोर्शीकडे आणि केळीच्या कापणीच्या वेळी रावेर-यावलकडे. वाक्यापाठोपाठ त्याचे कारणही सांगितले जाते आणि ते सहसा ठरलेले असते. पोरे आळशी झाली आहेत, मोबाइलमधून डोके वर काढत नाहीत, रेशनवर धान्य मिळते, मग उन्हात वाकायला कोण येणार? मी शेतकरी घरातला आहे. हे बोलणे आमच्याही घरात वर्षानुवर्षे झालेले आहे, आणि बोलणाऱ्याची काकुळती खोटी नसते हे मला ठाऊक आहे, कारण छाटणी आठ दिवस लांबली तर पुढचे सगळे गणित पुढे सरकते. पण या बोलण्यात दोन निरनिराळ्या गोष्टी एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. माणूस मिळत नाही, हा अनुभव झाला. तो का मिळत नाही, याविषयीचा आपला समज ही वेगळी गोष्ट झाली. अनुभव बऱ्याच अंशी खरा आहे. समज मात्र तपासून पाहिला की टिकत नाही.

तपासण्याची एक साधी रीत आहे. गावातल्या बागेत रोजाने जायला जो तरुण राजी नसतो, तोच शहरालगतच्या कारखान्यात बारा बारा तास उभा राहतो, गोदामात खोकी उचलतो, किंवा पाठीला पिशवी अडकवून भर दुपारी दुचाकीवर लोकांच्या दारात जेवण पोहोचवतो. यांतले एकही काम हलके नाही. अंगमेहनतीला तो नकार देत नाही, हे तर उघड आहे. मग तो नकार नेमका कशाला देतो, हे कळण्यासाठी आधी ते काम जवळून पाहावे लागते.

विरळणीच्या ओळीत

ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर वेलीवर घड निघतात, फुलोरा येतो, मणी धरतात, आणि हे मणी अजून बारीक असतानाच विरळणी सुरू होते. एका घडात कित्येक शे मणी धरलेले असतात. ते सगळे ठेवले तर एकमेकांत दाटतात, फुगत नाहीत, आत हवा खेळत नाही आणि एक मणी सडला की शेजारचे सडू लागतात. निर्यातीच्या घडावर साधारण शंभराच्या आसपास मणी ठेवायचे असतात. काम करणारी बाई डाव्या हाताने घडाचा देठ धरते, उजव्या हातात बारीक टोकाची कात्री असते. वरच्या पाकळ्या किती ठेवायच्या, मधली कुठली काढायची, शेंडा किती खुडायचा, हे ती घड फिरवता फिरवता ठरवते आणि कात्री चालवते. पुढचा घड. पुन्हा तोच निर्णय, पण घडाचा आकार वेगळा, म्हणून उत्तरही वेगळे. कमी मणी काढले तर आकार येत नाही, जास्त काढले तर वजन जाते, आणि कात्रीचे टोक शेजारच्या मण्याला लागले तर तो डाग काढणीपर्यंत राहतो. मांडवाची बाग असेल तर हे सगळे मान वर करून आणि दोन्ही हात डोक्यावर धरून करावे लागते. संध्याकाळी भाकरी थापताना हात वर उचलत नाही, ही तक्रार त्या पट्ट्यातल्या बायकांच्या तोंडून मी इतक्या वेळा ऐकली आहे की विरळणी म्हटले की मला आधी खांदे आठवतात.

काढणीच्या वेळचे कौशल्य आणखी निराळे आहे. द्राक्षाच्या मण्यावर एक पांढुरका, मेणासारखा नैसर्गिक थर असतो. बोट लागले की तो पुसला जातो आणि मालाचा ताजेपणा नजरेला उणा दिसतो. म्हणून घड फक्त देठाला धरायचा, कापायचा आणि क्रेटमध्ये एकेरी थरात ठेवायचा. तेही सकाळच्या थंडाव्यात, कारण कापल्यानंतर काही तासांच्या आत माल शीतगृहात पोहोचावा लागतो. कोकणातला आंबा उतरवणाऱ्याला फळ चौदा आणे तयार झाले आहे की नाही, हे जमिनीवर उभे राहून ओळखावे लागते. झेला लावलेल्या लांब काठीने ते देठासकट काढावे लागते, कारण देठ मुळाशी तुटला की चीक सालीवर ओघळतो आणि काळा डाग पडतो. निसटून खाली आपटलेला आंबा पेटीत भरून पुढे पाठवता येत नाही.

आता या कामाला आपण काय म्हणतो ते पाहू. सरकारी भाषेत शेतमजुरी हे अकुशल काम आहे. रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने हमी दिली तीही ‘अकुशल अंगमेहनतीच्या’ कामाची. कागदावर ज्याला अकुशल म्हटले, त्याचा दर त्याच शब्दाला धरून ठरतो, आणि दर कमी म्हणून ते काम करणाराही कमी, असा उलटा प्रवास आपल्या मनात होत राहतो. खरे तर विरळणी येणारी आणि न येणारी बाई यांच्यातला फरक प्रत्येक बागाईतदाराला पक्का ठाऊक असतो. “मागच्या वर्षीच्याच बायका आण,” असे तो मुकादमाला बजावून सांगतो. कौशल्य त्याला कळते. मोबदला आणि मान ठरवताना मात्र त्याला त्या कौशल्याची आठवण राहत नाही. माझ्या मते शेतमजुरीकडे पाहण्याच्या आपल्या नजरेचा सगळा पेच या एका विसंगतीत आहे.

तुटवडा कोणत्या आठवड्यात असतो

माणूस वर्षभर मिळत नाही, असे क्वचितच असते. तो विशिष्ट आठवड्यांत मिळत नाही. द्राक्षाला वर्षातून दोन छाटण्या: एप्रिलच्या सुमारास खरडछाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी. बाजाराचा आणि हवामानाचा विचार करून बहुतेकजण आपल्या तारखा एकमेकांच्या जवळपासच धरतात. मधे पाऊस झाला की सगळ्यांच्या तारखा एकदम पुढे ढकलल्या जातात आणि उघडीप मिळाली की संपूर्ण तालुक्याला त्याच तीन दिवसांत माणसे हवी असतात. एवढे हात कुठल्याच तालुक्यात वर्षभर रिकामे बसून राहणार नाहीत, आणि राहिले तर उरलेले महिने त्यांनी खायचे काय, हा प्रश्न आपण विचारत नाही.

या हातांचा मोठा भाग पेठ, सुरगाणा, कळवण अशा डोंगराळ आदिवासी तालुक्यांतून आणि सीमेपलीकडच्या डांग भागातून येतो. नाशिकजवळच्या गिरणारे गावात सकाळी मजुरांचा बाजार भरतो. टोळ्या उभ्या असतात, बागाईतदार गाड्या घेऊन येतात, दर ठरतो, गाडी भरते. हे लोक भूमिहीनच असतात असे नाही. अनेकांची डोंगरउतारावर स्वतःची शेती आहे, भात, नागली आणि वरईची, सगळी पावसावरची. पावसाळ्यात ते आपल्या आवणीत गुंतलेले असतात आणि दिवाळीनंतर, घरचे पीक घरात आल्यावर, खाली उतरतात. खाली फळछाटणी सुरू होते ती नेमकी भात कापायच्या सुमाराला. म्हणजे ज्या वेळी बागाईतदार “माणूस येत नाही” म्हणतो, त्या वेळी तो माणूस बऱ्याचदा स्वतःच्या शेतात विळा चालवत असतो. त्याला आळशी म्हणताना तोही एक शेतकरी आहे, एवढे तरी आपल्या ध्यानात यायला हवे.

आकडेही थोडे पाहू. १९५१ च्या जनगणनेत देशात साधारण ७ कोटी शेतकरी आणि पावणेतीन कोटी शेतमजूर होते. २०११ मध्ये शेतकरी ११ कोटी ८८ लाख आणि शेतमजूर १४ कोटी ४३ लाख झाले. स्वतंत्र भारतात मजुरांची संख्या शेतकऱ्यांच्या वर जाण्याची ती पहिली वेळ होती. त्या मोजणीपुरते तरी मजूर संपत चालल्याचे चित्र दिसत नाही. त्यांना मिळू लागलेले पर्याय मात्र वाढले, आणि पर्याय असलेला माणूस आधी अटी विचारतो.

वेठ, बिगार आणि साल

अटींबद्दल बोलायचे तर आपल्या भाषेकडेच वळावे लागते. ‘वेठीस धरणे’ हा शब्दप्रयोग आपण आज संपापासून वाहतुकीच्या कोंडीपर्यंत कशालाही वापरतो, पण वेठ म्हणजे मोबदल्याशिवाय सक्तीने करून घेतलेले काम. ‘बिगार’ म्हणजेही तेच. आज ‘बिगारी’ हा शब्द रोजंदारीवरच्या माणसासाठी सर्रास चालतो आणि फुकट राबवण्याचा त्यातला जुना अर्थ कुणाच्या कानाला टोचत नाही. महार वतनाच्या पद्धतीत नाममात्र इनामाच्या बदल्यात गावाची आणि सरकारची हरकामे दिवसरात्र करावी लागत. या वतनाच्या कायद्यात सुधारणा करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. अशी वतने कायद्याने रद्द व्हायला १९५८ उजाडले. कोकणात खोती होती, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या खोतांचा कुळांवरचा अंमल, जिच्याविरुद्ध आंबेडकरांनीच १९३७ मध्ये विधेयक आणले. वेठबिगारी देशभर बेकायदा ठरवणारा कायदा तर १९७६ चा आहे. आजच्या पन्नाशी-साठीतल्या माणसांच्या आयुष्यातली ही गोष्ट आहे, पुराणकाळातली नव्हे. जातिव्यवस्थेने केवळ श्रमाचीच नव्हे तर श्रमिकांचीही विभागणी केली, असे आंबेडकरांनी १९३६ मध्ये लिहिले, आणि शेतातल्या कामाबाबत ते फार स्पष्टपणे दिसते. कोणते काम, यापेक्षा ते कोणी, कोणाच्या दारात आणि कोणत्या हाकेला ओ देऊन केले, यावर त्याची किंमत ठरत आली आहे.

मराठवाड्यात आणि विदर्भात सालगडी ठेवण्याची रीत अजून आहे. पाडव्याला साल ठरते आणि पुढच्या पाडव्याला संपते. पैशांपैकी काही उचल म्हणून आधी घेतलेले असतात, आणि वर्षभरात मालकाची हाक कधी येईल याला वेळकाळ नसतो. अशा घरातला मुलगा दहावी-बारावी शिकला आणि शहरात गेला, तर तो मातीपासून पळाला, असे म्हणणे मला अन्यायाचे वाटते. त्याला ती हाक नको असते. शहरातल्या मुकादमाची बोलणीही कडवट असतात, पण पाळी संपली की तो मुकादम घरी येऊन “तुझा बाप आमच्याकडे होता” असे सुनावत नाही.

याच मातीत दुसरी परंपराही होती आणि ती विसरता कामा नये. इर्जिक, सावड, वारंगुळा या शब्दांनी ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत गावकरी एकमेकांच्या शेतात आळीपाळीने राबत. आज मी तुझ्याकडे, उद्या तू माझ्याकडे. काम तेच, घाम तोच, पण त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे, कारण दोन्ही बाजू बरोबरीच्या होत्या. बहात्तरच्या दुष्काळाचीही आठवण अशीच आहे. जमीनजुमला असलेल्या घरांतली माणसेसुद्धा तेव्हा खडी फोडायला गेली, रांगेत उभे राहून सुकडी घेतली, आणि आज त्यांची नातवंडे ती गोष्ट खाली मान घालून सांगत नाहीत. त्या काळात विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आकाराला आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. १९९० मध्ये फळबागांची लागवड या योजनेला जोडली गेली आणि कोकणातल्या कितीतरी वरकस जमिनींवर आंबा-काजू उभा राहिला. रोजगार हमीने मजूर बिघडवले, असे बागाईतदारांच्या बैठकीत हमखास ऐकायला मिळते. त्याच बागांपैकी अनेकींचे खड्डे त्या योजनेच्या पैशांतून खणले गेले होते. केंद्रीय योजनेचा महाराष्ट्रातला रोज २०२५-२६ साठी ३१२ रुपये होता आणि अलीकडच्या वर्षांत देशभरात एका कुटुंबाच्या वाट्याला सरासरी पन्नासच्या आसपास दिवस येत होते. एवढ्यावर कोणी बसून खाऊ शकत नाही. या हमीने मजुराला दिले ते एवढेच, की समोरचा दर फारच कमी असेल तर त्याला “नाही” म्हणता येऊ लागले.

‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ ही म्हण आता उलटी झाली, असे आपण खेदाने म्हणतो. पण त्या म्हणीतली शेती ही मालकाची शेती आहे. दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाणाऱ्याला तिने तीन पायऱ्यांपैकी एकही दिलेली नाही. आता तर मालकाच्या शेतीलाही मान उरलेला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जमणाऱ्या तरुणांनी बाशिंगे बांधून, घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा काढला, त्यामागे मुलींच्या घटलेल्या प्रमाणाबरोबर हेही कारण होते. जिथे जमीनधारकाच्या मुलाला पसंती मिळत नाही, तिथे शेतमजुराच्या मुलाने तेच काम धरावे ही अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

ओझे तेच, नाव माथाडी

अटी बदलल्या की नजर बदलते, याचे पुरावे दूर शोधायला नकोत. सातारा, सांगली आणि जुन्नर-आंबेगावकडच्या हजारो माणसांनी मुंबईच्या बाजारांत आणि गोदींत पाठीवर पोती वाहिली. त्यांना लोक हमाल म्हणत, आणि त्या शब्दात हेटाळणी होती. अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली आणि १९६९ मध्ये महाराष्ट्रात माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा झाला. मंडळे स्थापन झाली, कामगाराची नोंद होऊ लागली, मालकाने मजुरीबरोबर ठरावीक अधिभार मंडळाकडे भरायचा आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजेचा पगार, औषधोपचार यांची सोय व्हायची, अशी रचना उभी राहिली. पाठीवरचे ओझे काही हलके झाले नाही. पण माथाडी कामगार म्हणून ओळख सांगताना माणूस ताठ उभा राहू लागला. मंडळांपुढे आज बऱ्याच अडचणी आहेत, हे खरे. तरी त्या कायद्याने काय साधले ते खोटे ठरत नाही.

आता द्राक्षाच्या एका क्रेटचा प्रवास डोळ्यांपुढे आणावा. वाशीच्या बाजार समितीत जो ते उतरवून घेतो, त्याच्यामागे एक कायदा आणि एक मंडळ आहे. गाडी चालवणाऱ्याकडे परवाना आहे. शीतगृहात पेटी भरणाऱ्याची निदान हजेरी लागते. ज्या बाईने तीन महिने त्या घडावर कात्री चालवली, तिचे नाव मात्र कुठल्याही वहीत नाही. ती आजारी पडली तर तो दिवस बुडाला. फवारणीच्या वेळी नाकातोंडात औषध गेले तर दवाखान्याचा खर्च कोणी द्यायचा, हे त्या वेळी मालकाच्या मनावर अवलंबून असते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा फवारणीच्या कामातला धोका सगळ्या महाराष्ट्राने काही आठवडे पाहिला. आणि बाईचा रोज व गड्याचा रोज असे दोन दर आजही गावात सहज, आवाज खाली न करता सांगितले जातात. समान कामाला समान मोबदला देण्याचे बंधन कायद्यात १९७६ पासून आहे. विरळणीसारखे बारकाईचे काम बायकांच्या हाताला दिले जाते, ते त्यांचा हात हलका असतो म्हणून, असे कारण सांगतात. दर ठरवताना तो हलका हात आठवत नाही. ग्रामीण भागात काम करणाऱ्या स्त्रियांपैकी तीन चतुर्थांशाहून अधिक स्त्रिया शेतीत आहेत, म्हणजे पुरुष बाहेर पडत गेले तशी ही सगळी व्यवस्था त्यांच्या खांद्यांवर आली आहे.

कॅलिफोर्नियातला एक उन्हाळा

आळशीपणाचा आरोप ही आपलीच मक्तेदारी नाही. अमेरिकेत १९४२ ते १९६४ या काळात ‘ब्रासेरो’ नावाच्या करारानुसार मेक्सिकोतून मजूर शेतांत येत. करार संपला तेव्हा फळबागांच्या मालकांनी माल झाडावर सडेल अशी ओरड सुरू केली, आणि अमेरिकी तरुण हे काम का करत नाहीत, असा प्रश्न उभा राहिला. तेव्हाचे कामगारमंत्री विलर्ड वर्ट्झ यांनी १९६५ च्या उन्हाळ्यासाठी एक योजना काढली: शाळांमधली धट्टीकट्टी, मैदान गाजवणारी मुले फळे तोडायला पाठवायची. लक्ष्य वीस हजारांचे होते. प्रत्यक्षात शेतात पोहोचली ती ३,३०० च्या आसपास. कॅलिफोर्नियातल्या ब्लाइद या गावी खरबुजे तोडायला गेलेल्या मुलांना चाळीस अंशांच्या वरच्या उन्हात वाकून काम करावे लागले, राहायला मोडकी खोपटी मिळाली, आणि अनेक ठिकाणी मुलांनी काही आठवड्यांत काम सोडले किंवा संप केला. ही मुले आळशी होती असे कुणाला म्हणता येणार नाही. ती शाळांच्या संघांतून निवडून घेतलेली होती. वर्षानुवर्षे मेक्सिकन मजूर ज्या अटींवर मुकाट्याने राबत होते, त्या अटी पहिल्यांदाच अशा मुलांच्या वाट्याला आल्या होत्या ज्यांचे बोलणे वर्तमानपत्रे छापत होती.

त्याच वर्षी, त्याच राज्यात, द्राक्षाच्याच मळ्यांत आणखी एक घटना घडली. ८ सप्टेंबर १९६५ रोजी डेलानो भागातल्या फिलिपिनो मजुरांनी लॅरी इटलियाँग यांच्या पुढाकाराने संप पुकारला. मागणी तासाला १ डॉलर ४० सेंट आणि पेटीमागे २५ सेंट अशी होती. आठवडाभरात सेझार चावेझ यांच्या संघटनेतले मेक्सिकन मजूर त्यांना येऊन मिळाले. संप पाच वर्षे चालला, लोकांनी द्राक्षे विकत घेणे थांबवले, आणि १९७० मध्ये मळेवाल्यांनी करार केले. १९७५ मध्ये त्या राज्यात शेतमजुरांना संघटनेचा हक्क देणारा कायदा झाला आणि आखूड दांड्याच्या खुरप्यालाही त्याच वर्षी बंदी आली. हे खुरपे दिवसभर कंबरेत वाकून चालवावे लागे आणि त्यामुळे माणसांच्या पाठी कायमच्या जात. लांब दांड्याने तेच काम उभ्याने होत होते. पण वाकलेला मजूर काम करतोय की नाही हे मुकादमाला लांबून दिसते, म्हणून आखूड दांडा चालू ठेवला होता, अशी मजुरांची तक्रार होती. हे वाचताना मला आपल्याकडच्या खुरपणीतल्या बायका आठवल्या, ज्या दिवसभर उकिडव्या बसून सरकत राहतात. त्यांच्या खुरप्याचा दांडा किती लांब असावा हा प्रश्न आपल्याकडे कुठल्या सभागृहात आल्याचे माझ्या ऐकिवात नाही.

ब्रिटनमध्येही २०२० च्या टाळेबंदीत परदेशी मजूर येईनात, तेव्हा स्थानिक लोकांनी शेतांवर यावे म्हणून मोठी मोहीम चालवली गेली आणि पुढच्याच वर्षी ती गुंडाळली. त्यानंतर तिथल्या बागांना हंगामी व्हिसावर नेपाळ आणि इंडोनेशियापासूनची माणसे आणावी लागली. नेपाळी माणसे आपल्या कोकणातल्या आंब्याच्या बागांतही वर्षानुवर्षे राखणीला आणि फळे उतरवायला आहेत, कारण कोकणातला माणूस गिरण्यांच्या काळापासून मुंबईला गेला आणि मनीऑर्डर पाठवत राहिला. जिथे जिथे स्थानिक माणसाला दुसरे काही मिळू लागते, तिथे फळ तोडायला त्याच्यापेक्षा अधिक अडलेला माणूस आणला जातो. हा क्रम जगभर इतका सारखा आहे की त्याचे कारण एखाद्या समाजाच्या स्वभावात शोधणे मला व्यर्थ वाटते.

बागाईतदाराची बाजू

हे सगळे वाचून एखादा दोन एकरांचा बागाईतदार चिडेल, आणि त्याचे चिडणे रास्त असेल. मजुरी वाढवा असे म्हणणे सोपे आहे. वाढवलेली मजुरी तो कुठून देणार? काढणीच्या तोंडावर अवकाळी पाऊस झाला की मणी तडकतात आणि चार दिवसांत दर निम्म्यावर येतो. व्यापारी माल उचलून नेतो आणि पैसे महिनोन्‌महिने अडकतात. औषधे, खते, छाटणीनंतर लावायची पेस्ट, तारा, कर्जाचे व्याज, यांचे भाव त्याच्या हातात नाहीत. द्राक्ष विकताना भाव त्याला विचारून ठरत नाही. या सगळ्या खर्चात एकच दर असा आहे जो समोरासमोर बसून घासाघीस करता येतो, तो म्हणजे मजुरीचा. म्हणून सगळा ताण तिथेच येऊन पडतो. दुकानातल्या द्राक्षाच्या किमतीत काढणाऱ्याचा वाटा किती, हे आपण ग्राहक म्हणून कधी विचारत नाही, आणि स्वस्त द्राक्षाचा हट्ट मात्र सोडत नाही. बागाईतदार आणि मजूर यांना एकमेकांसमोर उभे करून हा प्रश्न मांडणे त्यामुळे मला चुकीचे वाटते. दोघांवर वरून येणारे दडपण एकच आहे.

तरीही काही गोष्टी शेतकऱ्याच्या हातात असतात, आणि त्या सगळ्याच पैशांच्या नसतात. द्राक्षपट्ट्यात रोजाऐवजी उक्ते काम देण्याची पद्धत रूढ झाली आहे. टोळी एकरावर दर ठरवून छाटणी किंवा विरळणी अंगावर घेते, आपले आपण काम वाटून घेते, पहाटे लवकर सुरुवात करून उन्हाच्या वेळी थांबते. या पद्धतीला खोट आहे. घाई होते, शरीर नको इतके ताणले जाते, लहान मुलेही बरोबर राबू लागतात. पण दर ठरवताना टोळीचा म्होरक्या बागाईतदारासमोर खुर्चीवर बसून बोलतो, वेलींची संख्या स्वतः मोजून पाहतो आणि पटले नाही तर उठून जातो. रोजाने येणाऱ्या एकट्या माणसाला हे जमत नव्हते. त्याच्या बोलण्यात आता “काम द्या” नसते, “काम घेतो” असते.

दर ठरला की म्होरक्या आणखी काही विचारतो आणि त्याचे प्रश्न जवळपास ठरलेले असतात. राहायला खोली आहे की पाल ठोकायचे? पाणी किती लांब? दिवा आहे का? बायकांसाठी संडास आहे का? गावाकडे जायला-यायला गाडी कोण देणार? पाल ठोकायचे असेल तर बायका तयार होत नाहीत, हे तो स्पष्टपणे सांगतो. आमच्या ओळखीत दोन शेजारी बागा आहेत, माती एक, द्राक्षाची जात एक, मजुरीचा दरही सारखाच. एकाने काही वर्षांपूर्वी विहिरीजवळ पत्र्याच्या दोन खोल्या बांधल्या, संडास बांधला, विजेची तार ओढली आणि हिशेब शेवटच्या दिवशी टोळीसमोर मांडून चुकता करायची सवय ठेवली. त्याच्याकडे तीच टोळी दरवर्षी येते. गौरी-गणपतीच्या सुमारास म्होरक्याचाच फोन येतो, छाटणी कधी धरताय म्हणून. शेजारचा अजूनही ऑक्टोबरात पहाटे चारला उठतो, गाडी काढतो आणि माणसे शोधायला नाक्यावर जातो.